डांबरी रस्त्यावर चाकोरी किती पडेल? प्रयोगशाळेतल्या चाचण्यांवरून अंदाज कसा बांधायचा: नवख्यांसाठी मार्गदर्शक

एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षी गाइडने 'रटिंगवर (म्हणजे चाकोरीवर) काहीतरी कर' एवढंच सांगून सोडून दिलं असेल, किंवा कन्सल्टन्सीत लागल्या लागल्या टेबलावर व्हील ट्रॅकिंगच्या (नमुन्यावर चाक फिरवून चाकोरी मोजायच्या चाचणीच्या) रिपोर्टांचा गठ्ठा येऊन पडला असेल, तर पुढचं वाचा. कोड मिळतात, पेपर मिळतात, सॉफ्टवेअरही मिळतं; पण कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर, हे एका जागी सहसा कुणी लिहून ठेवत नाही. मी या कामातून गेलो आहे, आजही अशी आकडेमोड रोज करतो. माझं ठाम मत झालंय ते असं: अंदाज चुकतो तो समीकरणात क्वचितच, बहुतेक वेळा नमुना बनवताना आणि तापमान ठरवताना चुकतो. म्हणून खाली समीकरणांपेक्षा त्या दोन गोष्टींना जास्त जागा दिली आहे.

१. चाकोरी कुठल्या थराची, ते आधी ठरवा

रस्त्यावर चाकांच्या मार्गात खोलगट पन्हळ दिसली की सगळे 'मिक्स खराब' म्हणून मोकळे होतात. पण चाकोरी दोन अगदी वेगळ्या जागी तयार होते. डांबरी थर उन्हाळ्यात मऊ पडून बाजूला सरकला, तर चाकोरी अरुंद असते आणि तिच्या दोन्ही कडांना उंचवटे येतात. खालचा मुरूम किंवा सबग्रेड (रस्त्याच्या सर्वांत खालची माती) दबला, तर खोलगटपणा रुंद आणि पसरट असतो, कडेला उंचवटा नसतो. पहिली तुम्हाला टोल नाक्याच्या रांगेत, सिग्नलच्या अलीकडे, बसथांब्यावर आणि घाटातल्या चढाच्या लेनमध्ये दिसेल, कारण तिथे जड गाड्या सावकाश जातात किंवा उभ्याच राहतात. दुसरी बरेचदा पाणी मुरलेल्या भरावावर दिसते.

हा फरक इतका महत्त्वाचा का? कारण आयआरसी:३७-२०१८ (इंडियन रोड्स काँग्रेसचा डांबरी रस्त्यांच्या डिझाइनचा कोड) मधलं रटिंगचं समीकरण फक्त सबग्रेडच्या माथ्यावरचा उभा स्ट्रेन (मूळ लांबीच्या तुलनेतली विकृती) बघतं. डांबरी थराच्या आत काय होईल, याचं मिलिमीटरमध्ये उत्तर ते देत नाही. तो भाग कोडने डांबराची ग्रेड आणि मिक्स डिझाइन यांच्यावर सोडला आहे. 'आयआरसीप्रमाणे रटिंग चेक केलं, ओके आहे' असं म्हणून उन्हाळ्यात मऊ पडणारं मिक्स कुणी पास केलं, तर कोडचा त्यात दोष नाही.

२. तुम्हाला क्रमवारी हवी आहे की मिलिमीटर?

'तीन मिक्सपैकी कुठलं बरं' हा एक प्रश्न. 'दहा वर्षांनी या रस्त्यावर किती मिमी चाकोरी असेल' हा दुसरा. पहिल्याला व्हील ट्रॅकिंग किंवा फ्लो नंबर पुरतो (दोन्ही चाचण्या भाग ६ मध्ये आहेत). दुसऱ्याला त्याशिवाय थरांची जाडी, मॉड्युलस (थराचा ताठपणा), महिन्यागणिक तापमान, वाहतुकीची मोजणी आणि प्रत्यक्ष रस्त्यावरचं कॅलिब्रेशन लागतं. चार-सहा महिन्यांच्या प्रबंधात पहिला प्रश्न नीट सुटतो, दुसरा अर्धवट राहतो. सिनॉप्सिसमध्ये दुसऱ्याचं वचन देऊन हातात पहिल्याचा डेटा घेऊन बसलेली मुलं मी दर वर्षी पाहतो.

३. काय काय जमवायचं

कागद:
- डांबराचा टेस्ट रिपोर्ट. व्हीजी ग्रेड (व्हिस्कॉसिटीवरून ठरणारी) असेल तर आयएस ७३ प्रमाणे ६० अंशांची व्हिस्कॉसिटी हवीच. मॉडिफाइड (पॉलिमर वगैरे मिसळलेलं) असेल तर आयएस १५४६२ प्रमाणे.
- खडीचं ग्रेडेशन, विशिष्ट गुरुत्व, पाणी शोषण. क्रशरची कच आणि नैसर्गिक वाळू यांचं प्रमाण वेगवेगळं लिहिलेलं असावं.
- जॉब मिक्स फॉर्म्युला, त्यात डांबराचं प्रमाण आणि कमाल सैद्धांतिक घनता, म्हणजे जीएमएम.
- वाहतूक मोजणी आणि अ‍ॅक्सल लोड सर्व्हे. नुसती गाड्यांची संख्या पुरत नाही.
- जवळच्या हवामान केंद्राची किमान काही वर्षांची दैनिक कमाल तापमानं.
- रस्ता झालेला असेल तर कोअरची जाडी आणि घनता.

साधनं: जायरेटरी कॉम्पॅक्टर (गोल साच्यात मिक्स घोळवत दाबणारं यंत्र) किंवा स्लॅबसाठी रोलर कॉम्पॅक्टर, कोअर कटर, दोन पात्यांची करवत, व्हील ट्रॅकर किंवा तापमान-नियंत्रित चेंबर असलेलं सर्वो यंत्र (वारंवार भार देणारं), आयआयटीपेव्ह (थरांतले ताण आणि स्ट्रेन काढणारं सॉफ्टवेअर), आणि एक्सेल. पायथन येत असेल तर उत्तम, नसेल तर काही अडत नाही.

यादीत मार्शल यंत्र मुद्दाम घातलेलं नाही. डांबराचं प्रमाण ठरवायला ते हवंच, पण मार्शल स्टॅबिलिटीवरून चाकोरीचा अंदाज बांधू नका. त्या चाचणीत नमुना मिनिटाला ५० मिमी वेगाने एकदाच दाबून मोडतात. चाकोरी मात्र लाखो छोट्या दाबांतून, प्रत्येक वेळी किंचित उरणाऱ्या विकृतीतून साठत जाते. १२ किलोन्यूटन स्टॅबिलिटीचं मिक्स ट्रॅकरखाली लोळण घेताना मी पाहिलंय.

४. चाचणीचं तापमान: इथे घाई करू नका

बहुतेक जण कोडमध्ये दिसेल तो आकडा उचलतात: हॅम्बर्ग ट्रॅकरला ५० अंश, युरोपीय पद्धतीच्या ट्रॅकरला ६० अंश. तुमचा रस्ता किती तापतो, याच्याशी त्या आकड्याचा संबंध असेलच असं नाही.

रस्त्याचं तापमान काढायला अमेरिकेतल्या सुपरपेव्ह पद्धतीतलं सूत्र वापरतात. वर्षातल्या सर्वांत गरम सलग सात दिवसांच्या कमाल तापमानांची सरासरी घ्या. त्यातून अक्षांशाचा वर्ग गुणिले ०.००६१८ वजा करा. अक्षांश गुणिले ०.२२८९ मिळवा. ४२.२ मिळवा. बेरजेला ०.९५४५ ने गुणा आणि त्यातून १७.७८ वजा करा. जे येईल ते पृष्ठभागाखाली २० मिमीवरचं तापमान, सेल्सिअसमध्ये.

नागपूरचं उदाहरण करून पाहा. अक्षांश साधारण २१.१५. सात दिवसांची सरासरी ४५ अंश धरली तर उत्तर येतं ६७.४. पुण्यासाठी अक्षांश १८.५ आणि ४० अंश धरले तर ६२.७. म्हणजे विदर्भातल्या रस्त्यासाठी ५० अंशांची चाचणी ही जवळपास हिवाळ्यातली चाचणी झाली. हे सूत्र अमेरिकेतल्या नोंदींवर बेतलेलं आहे, त्यामुळे आपल्याकडे ते सुरुवातीचा अंदाज म्हणून घ्या. शक्य असेल तर मे महिन्यात दुपारी रस्त्यात २० मिमी खोल भोक पाडून, त्यात थोडं तेल घालून थर्मोकपल सोडा आणि ताडून बघा.

सापळा: तुम्ही चाचणी ६० अंशांना केलीत आणि निकालाची तुलना ५० अंशांसाठी लिहिलेल्या निकषाशी केलीत, तर ती तुलना बाद. तापमान बदललं की निकषही स्वतःचा ठेवावा लागतो: एक माहितीतलं चांगलं मिक्स आणि एक माहितीतलं वाईट मिक्स त्याच तापमानाला चालवा आणि त्यांच्या मधे तुमचं कुठे बसतं ते पाहा.

५. नमुना: सगळा खेळ इथेच

ठरवायची पहिली गोष्ट म्हणजे पोकळी, दाबलेल्या मिक्समध्ये उरलेल्या हवेचं प्रमाण. डिझाइन ४ टक्क्यांवर असतं, पण चाकोरीच्या चाचण्यांचे नमुने साधारण ७ टक्क्यांवर, अधिक-उणे ०.५ मध्ये बनवतात, कारण रोलर उतरल्यानंतर नव्या रस्त्यात पोकळी त्याच्या आसपास असते. ४ टक्क्यांच्या नमुन्यावर आलेला छान निकाल रस्त्याबद्दल काही सांगत नाही.

वजन असं काढा. समजा बेसाल्टच्या खडीचं मिक्स आहे आणि जीएमएम २.६०० आली. ७ टक्के पोकळीसाठी घनता २.६०० गुणिले ०.९३, म्हणजे २.४१८. स्लॅब ३०० × ३०० × ५० मिमीचा असेल तर आकारमान ४,५०० घन सेंमी, म्हणून मिक्स १०,८८१ ग्रॅम. जायरेटरीत १५० मिमी व्यासाचा, १७५ मिमी उंचीचा गोळा करायचा असेल तर आकारमान सुमारे ३,०९२ घन सेंमी आणि वजन ७,४७८ ग्रॅमच्या आसपास.

आता खरी गोम. फ्लो नंबरसाठी या गोळ्यातून १०० मिमी व्यासाचा गाभा काढून १५० मिमी उंचीला कापतात. साच्याच्या भिंतीलगत आणि दोन्ही टोकांना पोकळी जास्त असते, ती कापण्यात जाते. म्हणून ७ टक्क्यांच्या गोळ्यातून निघालेल्या गाभ्यात पोकळी त्यापेक्षा कमी भरते. पोकळी मोजायची ती कापलेल्या गाभ्याची. पहिले दोन-तीन गोळे नुसते हा फरक शोधण्यासाठी बनवा आणि फेकून द्या. मग वजन कमी करून खरे नमुने सुरू करा. हे गोळे वाया गेले असं वाटेल, पण त्याशिवाय पुढचे सगळे वाया जातात.

आणखी काही बारकावे:

मिक्स कॉम्पॅक्ट करण्याआधी ओव्हनमध्ये १३५ अंशांना ४ तास ठेवा, दर तासाला हलवा. प्लांटपासून पेव्हरपर्यंत डांबर जे जुनं होतं त्याची ही नक्कल. एक बॅच ४ तास आणि दुसरी दीड तास ठेवली, तर तुम्ही दोन मिक्सची नाही, दोन वेळांची तुलना करता आहात.

गाभ्याची दोन्ही तोंडं समांतर आणि सपाट हवीत. गुण्या लावून बघा. तिरकं तोंड असेल तर सुरुवातीच्या फेऱ्यांत खोटी विकृती नोंदली जाते आणि आलेख पहिल्यापासूनच वर सरकतो.

कापल्यावर नमुना पंख्याखाली वाळू द्या. मग चेंबरमध्ये ठेवताना एक डमी नमुना सोबत ठेवा, त्याच्या मधोमध थर्मोकपल खुपसलेलं असावं. चेंबरच्या डिस्प्लेवर ६० दिसतं तेव्हा नमुन्याचा गाभा पन्नाशीतच असू शकतो.

प्रत्येक मिक्सचे किमान ३ नमुने, जमल्यास ४. कायमच्या विकृतीच्या चाचण्यांत विखुरणं मोठं असतं. दोनच नमुने घेऊन काढलेल्या सरासरीवर मी तरी सही करत नाही.

६. चाचणी कुठली निवडायची

*डांबरावरची चाचणी.* डीएसआर यंत्र (डांबराला पिळून त्याचं वागणं मोजणारं) उपलब्ध असेल तर एमएससीआर, म्हणजे वारंवार भार देऊन सोडायची चाचणी, करून घ्या. आरटीएफओ या फिरत्या ओव्हनमध्ये १६३ अंशांना ८५ मिनिटं जुनं केलेल्या डांबरावर १ सेकंद भार, ९ सेकंद विश्रांती, आधी ०.१ आणि मग ३.२ किलोपास्कल. हाती येणारी राशी म्हणजे जेएनआर: भार काढल्यावर परत न आलेली विकृती, भागिले ताण. आशटो (अमेरिकेतल्या राज्य महामार्ग अधिकाऱ्यांची संघटना) च्या एम ३३२ या मानकामध्ये ३.२ किलोपास्कलला ४.५ पर्यंत साधी वाहतूक, २ पर्यंत जड, १ पर्यंत अतिजड आणि ०.५ पर्यंत त्याहूनही कठीण, असे टप्पे आहेत. ही चाचणी झटपट होते आणि पॉलिमर खरंच काम करतंय की नुसतं बिलात आहे, ते उघडं पाडते. पण खडीच्या सांगाड्याबद्दल ती काहीच बोलत नाही.

*व्हील ट्रॅकिंग.* आपल्याकडच्या कॉलेजांत याचीच शक्यता जास्त. दोन जाती आहेत आणि त्या एकमेकींत मिसळायच्या नाहीत. हॅम्बर्ग, म्हणजे आशटो टी ३२४: ४७ मिमी रुंद पोलादी चाक, ७०५ न्यूटन भार, मिनिटाला ५२ पासेस, नमुना गरम पाण्यात बुडालेला, सहसा २०,००० पासेसपर्यंत. युरोपीय लहान यंत्र, म्हणजे ईएन १२६९७-२२: रबरी चाक, ७०० न्यूटन, हवेत, १०,००० सायकल. एका सायकलमध्ये जाणं आणि येणं असे दोन पास असतात, म्हणून १०,००० सायकल म्हणजे २०,००० पास. साहित्याचा आढावा घेताना ही गल्लत इतकी सर्रास दिसते की कुणाच्याही तक्त्यावर विश्वास ठेवण्याआधी मूळ पेपरमध्ये शब्द कुठला आहे ते बघा.

पाण्यातल्या चाचणीत आलेख मधेच अचानक खाली वळला, तर ते स्ट्रिपिंग: खडीवरून डांबर सुटतंय. ती चाकोरी नव्हे. त्या वळणानंतरचे मिलिमीटर चाकोरीच्या मॉडेलमध्ये घालू नका. कोकणातल्या रस्त्यासाठी मात्र हा वळणबिंदूच कदाचित तुमचा सर्वांत कामाचा निष्कर्ष असेल.

*फ्लो नंबर.* आशटो टी ३७८. ०.१ सेकंद भार, ०.९ सेकंद विश्रांती, बाजूने आधार न देता ६०० किलोपास्कल. कायमची विकृती आधी वेगाने वाढते, मग एका चालीने, आणि शेवटी नमुना फुगून ढासळायला लागतो. तो ढासळण्याचा आरंभ ज्या फेरीला, तो फ्लो नंबर. अमेरिकेतल्या संशोधनातून आलेले किमान निकष गरम मिक्ससाठी असे: ३० लाख ते १ कोटी प्रमाणित अ‍ॅक्सलसाठी ५३, १ ते ३ कोटींसाठी १९०, ३ कोटींच्या वर ७४०. हे निकष ७ टक्के पोकळी आणि त्या जागेच्या रस्त्याचं उच्च तापमान गृहीत धरून आहेत. तुमची चाचणी दुसऱ्या कुठल्या अटींवर असेल तर ते लागू होत नाहीत.

बजेट एकाच चाचणीचं असेल तर माझं मत: क्रमवारीसाठी व्हील ट्रॅकिंग, मॉडेलसाठी फ्लो नंबर.

७. डेटा साफ करणं

यंत्रातून निघालेली फाइल थेट समीकरणात टाकू नका.

हॅम्बर्ग यंत्र चाकाच्या वाटेवर ११ ठिकाणी खोली नोंदवतं. टोकांना चाक थांबून उलटं फिरतं, तिथले आकडे वेगळे येतात. तुम्ही मधल्या बिंदूंची सरासरी घेताय की सर्वांत खोल बिंदू, हे एकदा ठरवा आणि सगळ्या मिक्सना तेच लावा.

नुसती शेवटची खोली फसवते. समजा दोन मिक्स आहेत, दोघांची १०,००० सायकलला खोली ३.९ मिमी. पहिल्याची ५,००० ला ३.१ होती, दुसऱ्याची २.४. युरोपीय पद्धतीने उतार काढायचा तो शेवटच्या पाच हजारांवर: पहिल्याचा ०.८ भागिले ५, म्हणजे दर हजार सायकलला ०.१६ मिमी, दुसऱ्याचा १.५ भागिले ५, म्हणजे ०.३०. पहिलं मिक्स सुरुवातीला दाबलं गेलं आणि स्थिरावलं. दुसरं अजून सरकतंच आहे. रिपोर्टात दोघंही '३.९ मिमी, समाधानकारक' म्हणून पास होतात.

फ्लो नंबर शोधताना लगतच्या दोन फेऱ्यांतला फरक घेऊन किमान वेग शोधू नका. गोंगाटामुळे तो कुठेही सापडतो. आधी फ्रँकेनचं सूत्र बसवा, ज्यात एक घातपद चढता भाग सांभाळतं आणि दुसरं, घातांकी पद शेवटचं ढासळणं, आणि त्याचं दुसरं अवकलज शून्यातून कुठे जातं ते काढा. एक्सेलच्या सॉल्व्हरमध्ये होतं, फक्त सुरुवातीची मूल्यं समंजस द्या.

पीएमबीचे (पॉलिमर मिसळलेल्या डांबराचे) नमुने कित्येकदा १०,००० फेऱ्यांपर्यंत ढासळतच नाहीत. अशा वेळी फ्लो नंबर '१०,०००' नसतो, '१०,००० पेक्षा जास्त' असतो. रिग्रेशनमध्ये त्याला सरळ १०,००० म्हणून घातलंत, तर चांगलं डांबर आहे त्यापेक्षा वाईट ठरतं.

८. सूत्र बसवणं

मधल्या, एका चालीच्या भागाला साधं घातसूत्र पुरतं: कायमचा स्ट्रेन = अ × फेऱ्यांचा ब-वा घात. समजा १०० व्या फेरीला स्ट्रेन ०.६० टक्के आणि १,००० व्या फेरीला १.७० टक्के आहे. दोहोंचं गुणोत्तर २.८३, त्याचा लॉग ०.४५२, फेऱ्यांचं गुणोत्तर १०, त्याचा लॉग १. म्हणून ब = ०.४५२ आणि अ सुमारे ०.०७५ टक्के. ५,००० व्या फेरीला सूत्र ३.५ टक्के सांगेल, पण नमुना ३,००० ला ढासळायला लागत असेल तर त्या ३.५ ला काही अर्थ नाही.

प्रत्यक्षात दोन बिंदूंवर नव्हे, सगळ्या डेटावर सूत्र बसवाल. तेव्हा बिंदू लॉगच्या पायऱ्यांनी निवडा: १००, १२५, १६० असे. प्रत्येक फेरी घेतली तर १,००० ते १०,००० मध्ये ९,००० बिंदू आणि १०० ते १,००० मध्ये जेमतेम ९००. मग सूत्र फक्त शेपटीकडे बघून बसतं. पहिल्या काही डझन फेऱ्या गाळा, तिथे यंत्र आणि नमुना एकमेकांशी जुळवून घेत असतात.

९. चाचणीतून रस्त्याकडे

*डांबरी थर.* अमेरिकेच्या मेकॅनिस्टिक-एम्पिरिकल पद्धतीत थराचे पातळ उपथर करतात, प्रत्येकाच्या मध्याचा परत येणारा उभा स्ट्रेन काढतात आणि त्याच्याशी कायमच्या स्ट्रेनचं गुणोत्तर असं मांडतात: १० चा उणे ३.३५४१२ वा घात, गुणिले तापमानाचा १.५६०६ वा घात, गुणिले फेऱ्यांचा ०.४७९१ वा घात. वर खोलीनुसार एक सुधारणा-गुणक. शेवटी प्रत्येक उपथराचा स्ट्रेन गुणिले जाडी, आणि सगळ्यांची बेरीज.

या सूत्राचं वागणं हाताने तपासून बघा, फार शिकवतं. वाहतूक दुप्पट केली तर चाकोरी दुप्पट होत नाही, १.३९ पट होते. तापमान ४० वरून ६० अंशांवर नेलं तर १.५९ पट, आणि त्याशिवाय मॉड्युलस पडल्यामुळे परत येणारा स्ट्रेन वाढतो तो वेगळाच. म्हणून वर्षाची सरासरी ३५ अंश धरून एकच आकडेमोड केली तर उत्तर हमखास कमी येतं. चाकोरी मार्च ते जूनच्या दुपारी पडते. महिनेवार, जमल्यास दिवसाच्या तासांनुसार विभागून बेरीज करा.

सर्वांत मोठा सापळा: सूत्रातलं तापमान फॅरनहाइटमध्ये आहे. ५० अंश सेल्सिअस म्हणजे १२२ फॅरनहाइट. चुकून ५० घातलंत तर उत्तर चौपट कमी येतं, आणि गंमत म्हणजे ते इतकं सुरेख दिसतं की कुणी शंका घेत नाही.

तुमच्या प्रयोगशाळेतला ब इथे कामाला येतो. ०.४७९१ च्या जागी तो वापरायचा मोह होईल. वापरा, पण मग पहिलं स्थिरांकही तुमच्याच डेटावरून काढावं लागतं, अर्धं त्यांचं आणि अर्धं आपलं चालत नाही.

*सबग्रेड.* इथे आयआरसी:३७. आयआयटीपेव्हमध्ये थरांची जाडी, मॉड्युलस आणि पॉइसन गुणोत्तर द्या. चाकाचा भार २०,००० न्यूटन: ८० किलोन्यूटनचा अ‍ॅक्सल चार चाकांवर. ४०,००० घालणारे बरेच भेटतात. टायर प्रेशर ०.५६ मेगापास्कल. थरांच्या सीमेवर सॉफ्टवेअर दोन ओळी छापतं. 'एल' लिहिलेली ओळ खालच्या थराची, सबग्रेडसाठी तीच घ्यायची. चाकाखालचा बिंदू आणि दोन चाकांच्या मधला बिंदू, दोन्हीकडचा स्ट्रेन बघून मोठा तो धरायचा.

९० टक्के विश्वासार्हतेसाठी फेऱ्या = १.४१ × १० चा उणे ८ वा घात × (१ भागिले स्ट्रेन) चा ४.५३३७ वा घात. स्ट्रेन ४०० मायक्रो आला तर उत्तर सुमारे ३५.८ एमएसए (दशलक्ष प्रमाणित अ‍ॅक्सल). स्ट्रेन फक्त १० टक्क्यांनी वाढून ४४० झाला तर २३.३ एमएसए, म्हणजे आयुष्याचा तिसरा हिस्सा गेला. सीबीआरची (सबग्रेडच्या ताकदीची) चाचणी उरकून टाकणाऱ्यांनी हे गणित एकदा स्वतः करावं. ८० टक्क्यांसाठी पहिला स्थिरांक ४.१६५६ होतो आणि त्याच ४०० मायक्रोला जवळपास १०६ एमएसए मिळतात. कुठली विश्वासार्हता धरली ते न लिहिता नुसतं 'एमएसए' छापलेला रिपोर्ट परत पाठवावा. इथे निकामी होणं म्हणजे सरासरी २० मिमी चाकोरी.

आणखी एक गल्लत: आयआरसीच्या तक्त्यातले मॉड्युलस ३५ अंशांचे असतात, व्हीजी-३० ला २,००० आणि व्हीजी-४० ला ३,००० मेगापास्कल. जाडी ठरवायला ते ठीक. डांबरी थराच्या चाकोरीच्या सूत्रात ६० अंशांच्या दुपारी तेच मॉड्युलस घालू नका.

१०. मशीन लर्निंग करायचं असेल तर

करा, फक्त एक पथ्य पाळा. समजा १२ मिक्स, प्रत्येकी ४ नमुने, एकूण ४८ ओळी. सॉफ्टवेअरला 'यातले २० टक्के तपासणीसाठी ठेव' म्हटलं तर एकाच मिक्सचे तीन नमुने शिकवणीत आणि चौथा परीक्षेत येतो. मॉडेलला उत्तर आधीच माहीत असतं, आर-वर्ग (अंदाज किती जुळला ते सांगणारा आकडा) ०.९५ च्या पुढे जातो आणि सगळे खूश. त्याऐवजी एक अख्खं मिक्स बाजूला ठेवा, उरलेल्या अकरांवर शिकवा, त्या एकावर तपासा. हे बारा वेळा करा. आर-वर्ग पडेल. तोच छापा. फ्लो नंबर लक्ष्य असेल तर त्याचा लॉग घ्या, कारण तो पन्नासपासून हजारांपर्यंत पसरतो.

डेटा कमी पडत असेल तर अमेरिकेच्या दीर्घकालीन पेव्हमेंट कार्यक्रमाचा, एलटीपीपीचा, अमेरिका आणि कॅनडातल्या रस्त्यांचा संग्रह सर्वांना खुला आहे. पण तिथली हवा, अ‍ॅक्सलचं वजन आणि डांबर आपल्यासारखं नाही. पद्धत घासून बघायला वापरा, आपल्या रस्त्याचा आकडा काढायला नको.

११. आकडा सांगताना

एकच आकडा देऊ नका, पल्ला द्या, आणि तो कशावरून आला ते लिहा: पोकळी ६.५ ते ७.५ दरम्यान हलवली तर किती, तापमान ३ अंशांनी वाढलं तर किती, ओव्हरलोड धरला तर किती. प्रत्येक आकड्यासोबत चाचणीचं तापमान, पोकळी, चाकाचा प्रकार, हवा की पाणी, आणि नमुन्यांची संख्या छापा. वरिष्ठांना पल्ला आवडत नाही, 'नक्की किती ते सांग' म्हणतात. तेव्हा पल्ल्याची वरची कड सांगा.

१२. रस्त्यावर जाऊन ताळा

रस्ता खुला झाल्यावर पहिला उन्हाळा सरला की मोजा. सुरुवातीची चाकोरी त्यातच सर्वांत वेगाने पडते. ३ मीटरची सरळपट्टी आडवी टेकवून दोन्ही चाकवाटांत फटीची खोली घ्या, दरवेळी त्याच ठिकाणांवर, रंगाने खुणा करून. पट्टी चाकोरीच्या कडेच्या उंचवट्यांवर टेकते आणि खोली फुगवून दाखवते, म्हणून उंचवटा किती आहे तेही लिहून ठेवा.

चाकवाटेतून एक आणि दोन वाटांच्या मधून एक असे जोडीने कोअर घ्या. चाकवाटेतल्या कोअरची पोकळी ३ टक्क्यांच्या खाली गेली असेल तर ते मिक्स आता प्लास्टिकसारखं वाहायच्या बेतात आहे, तुमचं सूत्र काहीही म्हणो. जाडी चाकवाटेत कमी आणि बाजूला जास्त भरली, तर चाकोरी डांबरी थराची. दोन्हीकडे जाडी सारखीच आणि तरी वर खोलगट, तर दोष खाली आहे. मोजलेली आणि भाकीत केलेली खोली यांच्या गुणोत्तरावरून तुमच्या भागापुरता कॅलिब्रेशन गुणक निघतो. तो एका रस्त्यावरून ठरवू नका. वेगवेगळ्या वाहतुकीचे आणि वयाचे निदान पाच-सहा तुकडे तरी हवेत.

आणि कोअर काढायला जाताना भोकं बुजवायला कोल्ड मिक्सच्या पिशव्या आणि ठोकणी गाडीत टाका. पावसाळा तोंडावर असतो आणि उघड्या भोकातून शिरलेलं पाणी तुमचाच मोजणीचा तुकडा खराब करतं.